नाटकाचा हिशेब कोणाच्या वहीत?

गेल्या श्रावणातील एका रविवारी सकाळी शहापुरातील चार गृहस्थ माझ्या घरी आले. मराठीच्या प्राध्यापकाकडे चार गृहस्थ एकदम आले, की त्याने खुशाल समजावे : एक तर स्मरणिका काढायची आहे, नाही तर कोणाच्या तरी एकसष्टीचे मानपत्र लिहायचे आहे. मी चहा ठेवायला सांगितला आणि मनातल्या मनात मानपत्राची विशेषणे जुळवू लागलो. पण या वेळी मामला निराळा निघाला. गावात नाट्यगृह बांधायचे घाटत होते. त्यासाठी वर्गणी हवी होती आणि वर्गणीसाठी आवाहन हवे होते. "असं लिहा, की वाचणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे गेला पाहिजे," असे त्यांतल्या वकीलसाहेबांनी मला बजावले.

मला त्यात अवघड काहीच वाटले नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेथून सुरुवात करायची. १८८० च्या किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'वर थोडा वेळ थांबायचे. बालगंधर्वांना नमस्कार करायचा आणि शेवटी 'मराठी माणूस आणि नाटक' यांचे अतूट नाते सांगून हात पसरायचा. असे आवाहन मी झोपेतही लिहू शकेन.

चौघांपैकी तिघेच बोलत होते. चौथे किराणा मालाचे व्यापारी. ते बशीत चहा ओतून पीत शांतपणे ऐकत होते. निघताना, चपला पायांत सरकवता सरकवता, त्यांनी मला हळूच विचारले, "सर, एक विचारू का? हे नाट्यगृह चालेल का हो? म्हणजे स्वतःच्या पैशावर?"

मी गप्प झालो. वीस वर्षे मी नाटक शिकवतो आहे. नाटकातला संघर्ष, नाटकातला विनोद, नाटकातली पदे यांवर मुलांकडून किती उत्तरे लिहवून घेतली, त्याची गणती नाही. पण नाटकाला पैसा येतो कोठून आणि जातो कोठे, हा प्रश्न माझ्या विद्यार्थिदशेत मला कोणी विचारला नाही आणि पुढे मीही कोणाला विचारला नाही. "शेठ, मला दोन महिने द्या," एवढेच मी म्हणालो. वाचकहो, पुढचा मजकूर म्हणजे त्या दोन महिन्यांची कमाई.

पाणी मुंबईला, प्रेक्षक कल्याणला

प्रथम आमच्या मुलखाची ओळख करून देतो. ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, शहापूर आणि मुरबाड असे दोन तालुके शेजारी शेजारी आहेत. शहापुराच्या डोक्यावर माहुलीचा किल्ला. १६३६ साली शहाजीराजांनी मोगल आणि आदिलशाही फौजांशी अखेरची झुंज दिली, ती येथे. मुरबाडच्या डोक्यावर नाणेघाट आणि माळशेज. कल्याण बंदरातून जुन्नरकडे माल चढवण्याची ही वाट सातवाहनांच्या काळापासूनची, म्हणजे दोन हजार वर्षांची.

इतिहास असा मोठा. पण आजचा व्यवहार मात्र साधा आहे. आमच्याकडे जे जे असते, ते खाली जाते. मुंबईसाठी तानशाचे धरण १८९२ साली झाले. पुढे मोडकसागर आले, भातसा आले. मुंबईकर नळ सोडतो, तेव्हा त्याच्या बादलीत आमच्या डोंगरांवरचा पाऊस पडतो. आणि चैत्र-वैशाखात आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. पाण्यामागोमाग माणसेही जातात. आसनगाव स्टेशनावर पहाटेच्या लोकलला जी गर्दी उसळते, ती पाहिली की हे गाव राहण्याचे आहे की नुसते झोपण्याचे, असा प्रश्न पडतो.

करमणुकीचेही तसेच. चांगले नाटक पाहायचे म्हणजे आम्ही कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर गाठतो. हौस अधिक असली, तर ठाण्याचे गडकरी रंगायतन. शेवटच्या प्रवेशात नायिका रडू लागली, की आमच्या शहापूरच्या मंडळींचे चेहरे व्याकूळ होतात. शेजारच्या कल्याणकरांना वाटते, काय ही रसिकता! खरी गोष्ट अशी, की ती व्याकुळता नायिकेसाठी नसून कसारा लोकलसाठी असते. मुरबाडकरांना तर रेल्वेच नाही. त्यांनी स्वतःची गाडी काढावी किंवा नाटकाचा नाद सोडावा. चार माणसांचे कुटुंब नाटकाला गेले, की तिकिटे, मध्यंतरातले वडे, रिक्षा, कधी हॉटेलातले जेवण, हा सारा खर्च कल्याणच्या बाजारात होतो. पाण्यासारखाच आमचा पैसाही उताराने वाहतो.

तेव्हा नाट्यगृह हवे, यात वाद नव्हता. प्रश्न चालण्याचा होता.

समजा, नाट्यगृह झाले

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, पण रीत खरी आहे. समजा, पाचशे खुर्च्यांचे नाट्यगृह झाले. लोकांना वाटते, तिकिटांचा गल्ला नाट्यगृहाला मिळतो. तसे नसते. गल्ला नाटकाच्या निर्मात्याचा. त्यातून त्याने नटांची नाइट द्यायची, बस आणि ट्रकचे भाडे द्यायचे, जाहिरात करायची. नाट्यगृहाला मिळते ते फक्त भाडे. एका प्रयोगाचे भाडे दहा हजार रुपये धरू. शनिवार-रविवार आणि सणवार मिळून वर्षाला साठ प्रयोग झाले, तर उत्पन्न सहा लाख. आता खर्च पाहा. व्यवस्थापक, विजेचे काम पाहणारा, झाडलोट करणारा आणि पहारेकरी अशी चार माणसे महिना पंधरा हजारांवर ठेवली, तर तेथेच सात लाख वीस हजार झाले. अजून एक दिवाही लागलेला नाही! वीज, रंग, गळणारे छप्पर, मोडलेल्या खुर्च्या यांसाठी तीन लाख धरले, की वर्षाचा तोटा चार लाख वीस हजारांचा. आणि बांधकामाचा पैसा मी यात धरलेलाच नाही.

म्हणजे शेठजींच्या प्रश्नाचे सरळ उत्तर 'नाही' असे होते.

पण मग मी दुसरी वही उघडली. नाटकाला आलेला माणूस नुसते नाटक पाहत नाही. तो चहा पितो, रिक्षा करतो, बायकोला गजरा घेतो, मुलांना काहीबाही खायला देतो. माणशी साठ रुपये धरले आणि नाट्यगृह अर्धेच भरले असे मानले, तरी एका संध्याकाळी गावात पंधरा हजारांची विक्री होते. साठ संध्याकाळी मिळून नऊ लाख!

मी खूश झालो. पण लगेच माझ्यातला परीक्षक जागा झाला. विक्री म्हणजे नफा नव्हे. आणि गावातलाच माणूस एरवी बाजारपेठेत जो चहा प्यायला असता, तोच त्याने नाट्यगृहापाशी प्यायला, तर गावाच्या पदरात नवे काय पडले? एका टपरीचा गल्ला दुसऱ्या टपरीत गेला, इतकेच. गावाची खरी मिळकत दोनच प्रकारांनी होते : जो पैसा कल्याणला जाणार होता तो येथे थांबला तर, किंवा बाहेरगावचा माणूस येथे येऊन खर्च करू लागला तर. नाट्यगृहाने गाव सुधारते की नाही, हे या दोन गोष्टींवर ठरते. खुर्च्यांच्या संख्येवर नव्हे.

राजाच्या तिजोरीतून आलेली रंगमंदिरे

मग आजवरची मोठी नाट्यगृहे चालली कशी? मी जुनी उदाहरणे शोधू लागलो. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह घ्या. शाहू महाराजांनी १९१५ साली ते 'पॅलेस थिएटर' म्हणून उभारले. शेजारीच खासबागचे कुस्तीचे मैदान. एका बाजूला तालीम, दुसऱ्या बाजूला नाटकाची तालीम! महाराजांनी हे तिकिटांचा हिशेब मांडून बांधले नाही. संस्थानच्या तिजोरीतून बांधले, आणि कोल्हापूर ही कलावंतांची नगरी झाली, हे त्याचे व्याज. पुढे ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, त्याला भीषण आग लागली. जळणाऱ्या इमारतीसमोर कलावंत आणि सामान्य माणसे धाय मोकलून रडली. नफ्यातोट्याच्या वहीत या रडण्यासाठी रकाना नसतो. पण नाट्यगृह पुन्हा उभारण्याचा निर्णय सरकारला लगेच घ्यावा लागला, तो या रडण्यामुळेच.

मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस पाहा. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ तेथे गायले. बोलपट आले आणि तेथे पडद्यावरची चित्रे हलू-बोलू लागली. १९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' आल्यानंतर महाराष्ट्रातल्या कित्येक नाट्यगृहांवर हीच पाळी आली. ऑपेरा हाउस १९९३ साली बंद पडले. तब्बल २३ वर्षांनी, २०१६ साली, ते पुन्हा झळाळून उघडले. कारण त्याचे मालक असलेल्या गोंडलच्या राजघराण्याने जीर्णोद्धाराचा खर्च उचलला. येथेही तिजोरी राजाचीच.

परदेशात तरी निराळे आहे का? जर्मनीतल्या बायरॉइट या लहान शहरात वाग्नेर या संगीतकाराने स्वतःच्या संगीतनाटकांसाठी १८७६ साली नाट्यगृह उघडले. बव्हेरियाच्या राजाने कर्ज दिले म्हणून ते पुरे झाले. पहिल्याच महोत्सवात एवढी खोट आली, की दुसरा महोत्सव व्हायला १८८२ साल उजाडले. आज त्या गावाचे नाव जगाला ठाऊक आहे ते केवळ या नाट्यगृहामुळे. उन्हाळ्यात तेथे जगभरचे रसिक येतात. पण तो महोत्सव आजही सरकारी मदतीवाचून चालत नाही.

शहापुराला आता राजा नाही. नगरपंचायत आहे, तिला गटारे आणि दिवे यांतूनच सवड नाही. मग काय करावे? मी जवळजवळ निराश झालो होतो. तेवढ्यात मला माझ्या लहानपणीची एक थंडगार रात्र आठवली.

म्हशाचा माळ

माझे वडील मुरबाड तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. मुरबाडहून कर्जतकडे जाताना म्हसे गाव लागते. तेथे खांबलिंगेश्वराची यात्रा पौषी पौर्णिमेला भरते. ठाणे-रायगडच्या शेतकऱ्यांना या यात्रेचे महत्त्व सांगावे लागत नाही. भाताची झोडणी झालेली, हाती चार पैसे आलेले, अशा दिवसांत माळावर गुरांचा बाजार भरतो. बैलांचे दात पाहून, शेपटीवर थाप मारून, सौदे होतात. घोंगड्या, भांडी, शेतीची अवजारे, मिठाई यांच्या पाली लागतात. आणि रात्री कनाती उभ्या राहतात : तमाशाच्या.

आमच्या घरी यात्रेला परवानगी होती, तमाशाला नव्हती. 'तमाशा पाहणे म्हणजे बिघडणे', हे वडिलांचे सूत्र. मी दहा-अकरा वर्षांचा असताना मामा मला पाळणे दाखवतो म्हणून घेऊन गेला आणि थेट कनातीत नेऊन बसवले. गण झाला, गौळण झाली, बतावणीला माळ हसून लोळला, आणि मग वग सुरू झाला. ढोलकीची थाप छातीत उमटत होती. मी मान वळवून पाहिले, तो दोन रांगा पुढे कानटोपी आणि मफलर यांत चेहरा गुंडाळून आमचे हेडमास्तर बसलेले! त्यांनीही मला पाहिले. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही. मात्र त्या वर्षी गणिताच्या तासाला मला एकदाही छडी बसली नाही.

ही आठवण आल्यावर मला एकाएकी जाणवले, की आमच्या भागात नाट्यगृह नाही, हे म्हणणेच चूक होते. आमचे नाट्यगृह म्हशाच्या माळावर आहे. त्याला भिंती नाहीत, म्हणून आम्हा शिकलेल्यांना ते दिसले नाही.

आणि त्याचा हिशेब? मी परवा एका फडाच्या मॅनेजरशी बोललो. त्यांनी सांगितलेला व्यवहार असा : मोठ्या फडात कलावंत, वादक, तंबूचे मजूर, ड्रायव्हर मिळून शंभराच्या वर माणसे. हंगाम दसऱ्याला सुरू व्हायचा, वैशाखात संपायचा. कलावंतांना हंगामाआधी उचल द्यायची. ती बहुधा व्याजाने काढलेली. पैसे दोन रीतींनी मिळतात. एक, कनात लावून तिकिटावर. दुसरी, गावकऱ्यांनी ठरावीक रकमेची सुपारी देऊन. नाट्यगृहाचा पहारेकरी, वीज, छप्पर यांचा बारमाही खर्च येथे नाही. पाच-सहा दिवस प्रेक्षक आहे, तर पाच-सहा दिवस रंगमंच आहे. प्रेक्षक उठला, की रंगमंचही ट्रकात बसून पुढच्या गावी जातो. आणि प्रेक्षक तमाशाने आणलेला नसतो. तो बैलाने, घोंगडीने आणि खांबलिंगेश्वराने आणलेला असतो. तमाशा त्याला रात्री थांबवून धरतो. थांबलेला माणूस जेवतो, चहा पितो, सकाळी पुन्हा बाजारात हिंडतो. देव, बाजार आणि फड हे तिघे एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत.

म्हणूनच एक हलला, की तिघेही डळमळतात. शेतात पॉवर टिलर आला आणि बैलाची गरज घटली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. २०२१ च्या डिसेंबरात त्यांना अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ साली ती कायम झाली. मधल्या काळात शर्यतीच्या खोंडाला गिऱ्हाईक कोठून मिळणार? आणि २०२०-२१ च्या करोनाने तर यात्राच थांबवल्या. फडमालकांच्या डोक्यावर उचलीचे व्याज मात्र चढतच राहिले.

माझा एक विद्यार्थी याच भागातला. ढोलकी अशी वाजवायचा, की स्नेहसंमेलनात पाहुणे भाषण आवरते घ्यायचे. आज तो भिवंडीच्या गोदामात पार्सले चढवतो. "सर, पौषात दोन दिवस रजा टाकतो आणि म्हशाला जाऊन ऐकतो," असे तो मला म्हणाला. ऐकतो, वाजवतो नव्हे. नाट्यगृहाच्या तोट्याचा आकडा मी काढला होता. हा तोटा मात्र मला मोजता आला नाही.

घाटापलीकडे आणि वैनगंगेकाठी

म्हशाला जमते ते एका आठवड्यापुरते. पण याच रीतीवर एखादे गाव वर्षभर उभे राहू शकते का? त्याचे उत्तर आमच्या घाटापलीकडेच आहे. मुरबाडहून माळशेज चढून गेले, की पुढे नारायणगाव लागते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे हे गाव. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेलेल्या या थोर कलावतीने २००२ मध्ये जगाचा निरोप घेतला. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावचे पंच येतात, बोलणी करतात, सुपारी ठरवतात. तेथे प्रयोग होत नाही, प्रयोगांचा सौदा होतो. आणि त्या सौद्यामुळे गावातल्या खानावळीपासून ट्रकवाल्यापर्यंत सर्वांना काम मिळते.

त्याहून नवलाची गोष्ट विदर्भाच्या पूर्व टोकाला, झाडीपट्टीत. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे वैनगंगेकाठचे गाव. तेथे नाटक कंपन्यांची कार्यालये दुकानांसारखी थाटलेली असतात. दिवाळी झाली, की गावोगाव मंडई भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक हवेच. गावचे मंडळ वडशाला येऊन नाटक ठरवते, मंडप घालते, तिकिटे विकते. नाटक रात्रभर चालते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. होळीपर्यंत हा धडाका. अनुदानाची वाट न पाहता चाललेली ही रंगभूमी. तिच्या परशुराम खुणे या नटाला २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कोठे पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना तिचा पत्ता लागला.

तिसरे उदाहरण शेजारच्या कर्नाटकातले. सागर तालुक्यात हेग्गोडु नावाचे सुपारीच्या बागांचे खेडे आहे. तेथे १९४९ साली गावकऱ्यांनी 'नीनासम' ही नाट्यसंस्था काढली. के. व्ही. सुब्बण्णा या बागाईतदाराने ती वाढवली. पुढे नाट्यशिक्षणाची शाळा काढली, आणि १९८५ पासून 'तिरुगाट' ही फिरती नाटक मंडळी कर्नाटकभर हिंडू लागली. १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खेड्यातल्या प्रेक्षकांवरच हे चालले असते का? नाही. म्हणून तर ती मंडळी गावोगाव फिरते. पण आधी प्रेक्षक घडवला, मग खुर्च्या मांडल्या, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

आणि क्रमाचीच गोष्ट निघाली, तर बव्हेरियातले ओबरआमरगाऊ हे खेडे आठवते. १६३३ साली प्लेगच्या साथीत गावकऱ्यांनी नवस केला, की साथ हटली तर दर दहा वर्षांनी ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांचे नाटक करू. १६३४ पासून तो नवस फेडणे चालू आहे. २०२० चा प्रयोग करोनामुळे हुकला, तो २०२२ साली केला. काम करायचे तर त्या गावात जन्मलेले असावे, नाही तर वीस वर्षे तेथे राहिलेले असावे. लाखो लोक ते पाहायला येतात. आपल्या मोखाडा-जव्हारकडच्या बोहाड्यात देवदेवतांचे मुखवटे घालून नाचणारा आदिवासी हे ऐकेल, तर म्हणेल, "यात नवं ते काय?" फरक इतकाच, की ओबरआमरगाऊच्या लोकांनी आपला नवस आणि आपला बाजार यांची फारकत होऊ दिली नाही.

मग आम्ही काय करावे?

या सगळ्यातून मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. रंगमंच स्वतःच्या गल्ल्यावर क्वचितच जगतो. पण जेथे तो आधीच भरलेल्या बाजाराला, ठरलेल्या हंगामाला आणि लोकांच्या सवयीला जोडलेला असतो, तेथे तो गावाला जगवतो. तेव्हा विचारायचा प्रश्न 'नाट्यगृह चालेल का?' हा नव्हे. 'त्याचा तोटा कोण सोसणार आणि त्याचा लाभ कोणाला होणार, ही दोन्ही माणसे एकच आहेत का?' हा आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की एक वीट रचण्याआधी म्हशाच्या माळाकडे पाहावे. तेथे पक्का चौथरा, पुरेसे दिवे, पिण्याचे पाणी, शौचालये आणि कलावंत स्त्रियांना वेष बदलायला बंद दाराची खोली, एवढे केले तरी पुष्कळ. आज कुटुंबवत्सल माणूस बायका-मुलींना कनातीत नेत नाही. त्याला कलेइतकीच गैरसोयही कारण आहे. सोय झाली, तर अर्धा प्रेक्षकवर्ग, जो आजवर घरीच राहिला, तोही येईल.

दुसरी सूचना शहापुरासाठी. पाचशे-आठशे खुर्च्यांचा हव्यास सोडून तीनशेंचे सभागृह बांधावे. पण रंगमंच खोल, आवाज स्वच्छ आणि रंगपट नीटनेटका असावा. सकाळी तेथे शाळा-कॉलेजांचे कार्यक्रम व्हावेत. लग्नांना द्यायचे की नाही, हा वाद सर्वत्र होतो. दिले, तर नाटकाला तारीख मिळत नाही. न दिले, तर दिवाबत्ती निघत नाही. यावर तोड म्हणजे नियम : दसऱ्यापासून वैशाखापर्यंतचे शनिवार-रविवार रंगभूमीचे, बाकीचे दिवस कोणाचेही.

तिसरी सूचना बाहेरच्या पैशाविषयी. पावसाळ्यात माळशेजच्या आणि माहुलीच्या धबधब्यांवर मुंबईची माणसे लोटतात आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकून संध्याकाळी परत जातात. शनिवारी रात्री एखादा वग, एखादे आदिवासी तारप्याचे नृत्य, एखादे भजनी भारूड ठरावीक वेळी होणार असे त्यांना ठाऊक असेल, तर दहांतला एक तरी मुक्काम करील. तो एक मुक्काम साठ कप चहापेक्षा मोलाचा. समृद्धी महामार्ग २०२५ साली पुरा झाला आणि तो आमच्या तालुक्यातून जातो. त्यावरून गाड्या नुसत्याच पुढे जायच्या, की काहींनी वळायचे, हे आम्ही दाखवण्यासारखे काय ठेवतो यावर आहे.

चौथी आणि शेवटची : दुरुस्तीचा निधी पहिल्या दिवसापासून वेगळा काढावा. नाट्यगृहे प्रेक्षकांवाचून मरतात, त्यापेक्षा गळक्या छपरांनी आणि जुन्या वायरिंगने अधिक मरतात. उद्घाटनाला मंत्री मिळतो. गळती काढायला कोणी मिळत नाही.

आवाहन

नवरात्राच्या आधी मी शेठजींच्या दुकानात गेलो. आवाहन लिहून नेले होते. त्यात विष्णुदास भावे एका ओळीत उरकले होते. उरलेल्या पानावर हिशेब होता : दरवर्षी अंदाजे इतका तोटा येईल, तो भरण्यासाठी बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानाने महिन्याला इतके द्यावे, आणि दर वर्षाखेरीस जमाखर्च नाट्यगृहाच्या दारावर चिकटवला जाईल.

वकीलसाहेबांना ते मुळीच आवडले नाही. "अहो, तोटा येणार असं आवाहनात कोणी लिहितं का?" असे म्हणून त्यांनी कागद परत माझ्या पुढ्यात सरकवला. शेठजींनी तो उचलला, चष्मा लावून आकडे दोनदा तपासले, एका ठिकाणी माझी बेरीज सुधारली आणि म्हणाले, "सर, हे समजलं मला. दिवाळीत आम्ही दुकानाबाहेर पणत्या लावतो ना, तसं आहे हे. तेलाचा पैसा काही पणती परत देत नाही. पण अंधाऱ्या दुकानात गिऱ्हाईक शिरत नाही."

मग त्यांनी गल्ल्यातून एक वही काढली आणि पहिल्या ओळीत स्वतःचे नाव लिहिले. नावापुढे महिन्याची रक्कम लिहिली. फार मोठी नव्हती. पण खाली त्यांनी जागा सोडली होती, आणि ती वही आता बाजारपेठेत फिरते आहे. येत्या पौषात आम्ही काही मंडळी म्हशाला जाणार आहोत : कनातीत, सहकुटुंब, आणि मफलर न गुंडाळता.